कॉर्नवॉलचे कावळे आणि त्यांचे भाऊबंद

कॉर्नवॉल ही इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाची काउंटी. पूर्वेला टेमार नदी, बाकी सगळीकडे समुद्र. मध्यावर बॉडमिन मूरचा ओसाड, खडकाळ माळ आहे, किनाऱ्याला उभे कडे आहेत आणि नद्यांच्या खोऱ्यांत ओकची राने आहेत. उरलेल्या जमिनीवर दगडमातीच्या जाड बांधांनी आखलेली लहान लहान शेते दिसतात. शेती, मासेमारी आणि कथिल-तांब्याच्या खाणी हे इथल्या माणसांचे शतकानुशतकांचे धंदे. याच जमिनीवर कावळ्याच्या कुळातल्या सात जाती आपापली जागा धरून राहिल्या आहेत. कॅरियन क्रो हा सगळीकडे दिसणारा काळा कावळा. रूक हा उंच झाडांवर वसाहत करून राहणारा, चोचीच्या बुडाशी पांढुरकी उघडी कातडी असलेला. जॅकडॉ छोटा, करड्या मानेचा आणि फिक्या डोळ्यांचा. रेव्हन सगळ्यांत थोराड. मॅगपाय काळा-पांढरा आणि लांब शेपटीचा, तर जे हा गुलाबी-तपकिरी अंगाचा आणि पंखावर निळी नक्षी मिरवणारा. सातवा चफ, लाल बाकदार चोचीचा आणि लाल पायांचा.

मराठी वाचकाला हे कूळ परके नाही. गावकावळा, डोमकावळा आणि सह्याद्रीच्या झाडीत शेपटी हलवत ओरडणारा टकाचोर हे याच कुळातले. चफ महाराष्ट्रात नाही, पण लडाख किंवा स्पितीला गेलेल्यांनी तो पाहिलेला असतो. कॉर्नवॉलच्या कड्यांवरचा आणि हिमालयातल्या गावांभोवती घिरट्या घालणारा लाल चोचीचा पक्षी एकाच जातीचा आहे.

या सात जातींचे मागच्या पाचशे वर्षांतले नशीब माणसाच्या हिशेबाने ठरवले. धान्याचा, कोकरांचा, शिकारीच्या पाखरांचा आणि शेवटी चराऊ गवताचा, असा तो हिशेब होता. लोकांनी कोणाचा राग केला आणि कोणाला मान दिला यावर त्यात फारसे काही अवलंबून राहिले नाही, हे पुढच्या हकिकतीवरून दिसेल.

मध्ययुगाच्या अखेरीपर्यंत इंग्लंडमध्ये रेव्हन आणि घारी यांच्याकडे शहराचे सफाई कामगार म्हणून पाहिले जाई. सन १५०० च्या सुमारास लंडनला आलेल्या एका व्हेनेशियन माणसाने याची आश्चर्याने नोंद केली होती. रस्त्यावरची घाण हे पक्षी उचलतात, म्हणून त्यांना मारल्यास दंड होतो, असे त्याने लिहिले. खेड्यांत मात्र मत वेगळे होते. तिथे घाण कमी आणि पेरलेले धान्य जास्त.

सोळाव्या शतकात लोकसंख्या वाढू लागली, धान्य महाग झाले आणि पाखरांचा प्रश्न थेट पार्लमेंटपर्यंत गेला. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत १५३२ मध्ये चफ, क्रो आणि रूक यांच्या नाशासाठी स्वतंत्र कायदा झाला. हे पक्षी अपरंपार धान्य खातात, शिवाय घरांची, कोठारांची आणि गंजींची गवती छपरे उसकटतात, अशी तक्रार त्याच्या आरंभीच नोंदवलेली आहे. किमान दहा घरांच्या प्रत्येक वस्तीने दहा वर्षे कावळे धरायचे जाळे बाळगावे आणि ते दुरुस्त ठेवावे, नाहीतर दहा शिलिंग दंड, असा हुकूम होता. डझनभर मोठे पक्षी धरून आणणाऱ्याला जमिनीच्या मालकाने किंवा कुळाने दोन पेन्स द्यायचे होते. त्या काळच्या इंग्रजीत ‘चफ’ म्हणजे बहुतेक ठिकाणी जॅकडॉच. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर मात्र लाल चोचीचा खरा चफही होता, आणि जाळे टाकणाऱ्याने दोघांत भेद केला असेल असे मानायला फारसा आधार नाही.

पहिल्या एलिझाबेथच्या काळात १५६६ मध्ये आलेला धान्यरक्षणाचा कायदा जास्त पक्का आणि जास्त दूरगामी ठरला. त्याने हे काम प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, गळ्यात घातले. चर्चवॉर्डन आणि आणखी सहा गावकरी मिळून जमीनधारकांवर पट्टी बसवत, त्यातून निधी उभा राही आणि मुंडकी आणून देणाऱ्याला त्यातून पैसे मिळत. मोठे कावळे किंवा रूक असतील तर तीन मुंडक्यांना एक पेनी, पिल्ले किंवा न फुटलेली अंडी असतील तर सहांना एक पेनी. जे आणि रेव्हन यांचा भाव मुंडक्याला एक पेनी, म्हणजे तिप्पट. कोल्ह्याच्या किंवा बिज्जूच्या डोक्याला पूर्ण एक शिलिंग मिळे. एकच मुंडके दोनदा वटवले जाऊ नये म्हणून ती वॉर्डनसमोर जाळायची किंवा तोडून टाकायची असा नियमही होता. कायदा करणाऱ्यांना गावकऱ्यांची चांगली ओळख होती म्हणायचे.

या यादीत कावळ्यांच्या जोडीला खंड्या, बुलफिंच, साळिंदरासारखे काटे असलेले हेजहॉग असे कितीतरी जीव होते. धान्याशी ज्यांचा काडीचा संबंध नाही असेही त्यात आले. पण पैसे मिळत होते आणि गरीब शेतमजुराच्या घरात पेनीला किंमत होती. एकोणिसाव्या शतकापर्यंत हा कायदा पुस्तकात राहिला. पॅरिशच्या जमाखर्चाच्या वह्यांत चर्चचा दोर, घंटेची दुरुस्ती, दारिद्र्याने गांजलेल्या वाटसरूला दिलेली मदत आणि मुंडक्यांचे पैसे शेजारी शेजारी लिहिलेले सापडतात. रॉजर लव्हग्रोव्ह यांनी इंग्लंड-वेल्समधल्या अशा वह्या चाळून २००७ मध्ये ‘सायलेंट फील्ड्स’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा या कत्तलीचा आवाका पहिल्यांदा नीट समोर आला.

कायद्याच्या याच काळात कॉर्नवॉलच्या एका जमीनदाराने आपल्या प्रदेशाचे वर्णन लिहून ठेवले. रिचर्ड कॅरू हे अँटनी गावचे. त्यांचा ‘सर्व्हे ऑफ कॉर्नवॉल’ १६०२ मध्ये छापला गेला. त्यात चफचे लाल पाय, लाल लांब चोच आणि काळी पिसे यांचे नेमके वर्णन आहे, आणि लगेच त्याच्या स्वभावाबद्दल तक्रारही. पाळलेला चफ पैसे आणि लहानसहान वस्तू चोरून लपवतो आणि जळत्या काटक्या उचलून नेतो, म्हणून धोक्याचा, असे कॅरू सांगतात. हे आगलावेपणाचे बालंट चफला चांगलेच चिकटले. सव्वाशे वर्षांनी डॅनियल डिफोने ब्रिटनच्या प्रवासाचे पुस्तक लिहिले तेव्हाही जळते कोलीत गंजीत नेऊन ठेवणाऱ्या या पक्ष्याची गोष्ट त्यात होती. पाळीव चफ चकचकीत वस्तू उचलतो हे खरे असावे, कारण सारे कूळच जिज्ञासू आहे. त्याने गावे जाळल्याची बाब मात्र चुलीपाशी सांगायच्या गोष्टींत ठेवलेली बरी. ज्या पक्ष्याची चोच मुंग्या आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या उकरायला बनलेली आहे, त्याला गंजीशी काय करायचे?

एकीकडे हे बालंट आणि दुसरीकडे दंतकथांतल्या राजा आर्थरची पुण्याई, असा या पक्ष्याचा दुहेरी लौकिक आहे. आर्थर मेला नाही, त्याचा आत्मा पक्ष्याच्या रूपात कॉर्नवॉलच्या कड्यांवर फिरतो, अशी तिथली समजूत. काही सांगतात तो रेव्हन, काही सांगतात चफ, आणि त्याची चोच आणि पाय लाल आहेत ते शेवटच्या लढाईतल्या रक्ताने. समजूत पुरेशी जुनी आहे. १६०५ मध्ये छापलेल्या ‘डॉन किहोटे’च्या पहिल्या भागात सर्व्हांटेसने तिचा उल्लेख केला आहे. आर्थर कावळा झाला म्हणून इंग्रज माणूस कावळा मारत नाही, असे त्याचा नायक सांगतो. १५६६ च्या मुंडक्यांच्या दरांकडे पाहिले तर स्पेनमध्ये बसून ही माहिती तपासायला मार्ग नव्हता हे कळते. पण समजुतीचा काही प्रभाव कॉर्नवॉलमध्ये खरोखर होता. रॉबर्ट हंट यांच्या १८६५ च्या लोककथासंग्रहात मराझायनच्या माळावरची एक हकिकत आहे. बंदूक घेऊन फिरणाऱ्या एकाने रेव्हनवर गोळी झाडली, तेव्हा जवळच्या म्हाताऱ्याने त्याला रागावून सांगितले की त्या रूपात आर्थर राजा अजून जिवंत आहे. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या समाजाला हा म्हातारा समजायला अवघड जाऊ नये.

शेतावर रोजचा झगडा होता तो रूकशी. गहू, बार्ली, ओट पेरला की रूकचे थवे उतरत. त्यांना हाकायचे काम पोरांचे. इंग्लंडभर सहा-सात वर्षांची मुले पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत शेतात उभी राहत, लाकडी खटखटे वाजवत आणि ओरडत, आणि त्याचे दिवसाला काही पेन्स मिळत. १८७० आणि १८८० च्या शिक्षण कायद्यांनी मुले शाळेत जायला लागली आणि राखणीचे हे काम हळूहळू बुजगावण्यांकडे आणि बंदुकांकडे गेले. रूकचा एक उपयोगही होता. मेच्या दुसऱ्या आठवड्यात घरट्यातून फांदीवर आलेली, अजून नीट न उडणारी पिल्ले बंदुकीने टिपायची आणि त्यांच्या छातीच्या मांसाचा, कणकेच्या कवचात भाजलेला ‘पाय’ हा पदार्थ करून खायचा ही ग्रामीण इंग्लंडची जुनी रीत होती. वसाहत आटोक्यात राही आणि पोटातही काही पडे.

पण रूक नुसता धान्यखाऊ नाही. त्याचा बराच आहार वायरवर्म आणि क्रेनफ्लायच्या अळ्या यांचा आहे, आणि या दोन्ही गवताची आणि पिकाची मुळे खातात. रूक शेतकऱ्याचा मित्र की शत्रू, हा वाद इंग्लंडमध्ये शंभर वर्षांहून जास्त काळ चालला. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्याची चणचण झाली तेव्हा सरकारलाही उत्तर हवे होते. जेम्स फिशर या पक्षितज्ज्ञांच्या देखरेखीखाली देशभर रूकच्या वसाहतींची मोजदाद झाली. निर्णायक उत्तर मिळाले नाही, आणि ते मिळण्याजोगे नव्हतेही, कारण एकच पक्षी मार्चमध्ये पीक खातो आणि मेमध्ये अळ्या.

शेवटी कॉर्नवॉलच्या रूकला मोठा धक्का बसला तो बंदुकीने नाही, बुरशीने. कॉर्निश एल्म हा सरळ, अरुंद वाढणारा वृक्ष काउंटीच्या बांधांवर आणि वाड्यांभोवती उभा असे आणि रूकच्या वसाहती त्याच्या शेंड्यांवर असत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेतून आलेल्या लाकडांबरोबर एल्मच्या रोगाची जहाल जात ब्रिटनमध्ये शिरली. सालीतले भुंगेरे ती झाडोझाड पसरवत गेले आणि ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून जास्त एल्म मेले. कॉर्नवॉलचे जुने चित्र त्या काही वर्षांत पुसले गेले. रूक मात्र हटले नाहीत. ते सिकमोर, बीच, अ‍ॅश, पाइन अशा मिळेल त्या उंच झाडांवर गेले. रूकनी वाड्याजवळची वसाहत सोडली की त्या घराचे वाईट होते, असे लोक म्हणत. एल्म गेल्यावर वसाहती सगळ्यांच्याच वाड्यांवरून हलल्या, तेव्हा अपशकुन नेमका कोणाचा धरायचा हा प्रश्नच होता.

जॅकडॉची गोष्ट खाणींशी बांधलेली आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कॉर्नवॉल हा जगातला तांब्याचा आणि कथिलाचा एक मोठा पुरवठादार होता. खाणीतले पाणी उपसायला वाफेची इंजिने लागत आणि ती उभी करायला ग्रॅनाइटच्या उंच इमारती बांधल्या गेल्या, प्रत्येकीला एक धुराडे. १८६० नंतर तांब्याचा भाव कोसळला, खाणी एकामागून एक बंद पडल्या आणि खाणकामगार ऑस्ट्रेलिया, अमेरिका, दक्षिण आफ्रिका आणि आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पांगले. इंजिनघरे मागे उरली. छप्पर गेलेल्या त्या भिंतींच्या खोबणींत आणि थंड धुराड्यांत जॅकडॉने बस्तान बसवले. त्याला पोकळी लागते: कड्यातली भेग, चर्चच्या मनोऱ्यातली खिडकी, घराचे धुराडे. वरून काटक्या टाकत जायचे, त्यातली एखादी अडकली की त्यावर बाकीचा ढीग रचायचा, अशी त्याची रीत. म्हणून कॉर्नवॉलमधल्या घरमालकांना शेकोटी पेटवण्याआधी धुराडे साफ करून घ्यावे लागते. खाणींचा हा प्रदेश २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. जॅकडॉ तिथे आधीपासूनच वारसदार होता.

ओकच्या रानातल्या जेचे आणि बांधावरच्या मॅगपायचे वैर शेतकऱ्यापेक्षा शिकारीच्या रानांच्या राखणदारांशी होते. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांना फेझंट पाळून त्यांची शिकार करण्याचा नाद लागला. अंडी आणि पिल्ले खाणारा प्रत्येक पक्षी मग गुन्हेगार झाला. राखणदार सापळे लावत, विषारी अंडी ठेवत आणि मारलेले जे, मॅगपाय, कावळे तारेवर ओळीने टांगत. मालकाने येऊन पाहावे की माणूस पगाराचे काम करतो आहे. जेची निळी पिसे त्यातून वेगळी काढली जात, कारण ट्राउट आणि सामन मासे पकडायच्या गळाच्या कृत्रिम माश्या बांधायला ती लागतात. पहिल्या महायुद्धात राखणदार सैन्यात गेले, युद्धानंतर बऱ्याच जमीनदाऱ्या मोडीत निघाल्या आणि या दोन्ही जातींनी पुन्हा डोके वर काढले. कायद्याने वा कनवाळूपणाने जे झाले नसते ते राखणदारांचे पगार थांबल्याने झाले.

जेबद्दल एक गोष्ट शिकारीच्या मालकांच्या हिशेबात कधी आली नाही. शरदात एकेक जे हजारो ओकची फळे जमिनीत पुरून ठेवतो. बहुतेक पुढे खातो, जी राहतात त्यांतून रोपे उगवतात. टेकडीच्या चढणीवर, आईच्या सावलीपासून दूर उगवलेल्या ओकमागे बऱ्याचदा जेच असतो. फाल, फोवी आणि टेमार यांच्या खोऱ्यांतली राने त्याच्या या विसरभोळेपणाची ऋणी आहेत. ओकला फळे धरली नाहीत की जेला गाव सोडावे लागते. १९८३ च्या शरदात असे झाले आणि दक्षिण इंग्लंडमध्ये, नैर्ऋत्येकडेही, जेचे मोठमोठे थवे भटकताना दिसले. एरवी हा पक्षी एकटा-दुकटा, लाजाळू. त्यामुळे लोकांना ते दृश्य अजब वाटले.

मॅगपाय राहतो तो अपशकुनाच्या खात्यात. एक दिसला की दुःख, दोन दिसले की आनंद, अशी मोजणी करणारे बडबडगीत सगळ्या इंग्लंडमध्ये आहे, आणि एकटा मॅगपाय दिसला की त्याला सलाम करणारी सुशिक्षित माणसे आजही भेटतात. कॅरियन क्रोचा इतिहास त्या मानाने कोरडा आहे. तो सगळे खातो, कुठेही राहतो, आणि शतकानुशतके मुंडक्याला भाव असूनही तो कमी झाला नाही.

रेव्हन आतल्या भागातून जवळजवळ हटला. कोकरांच्या डोळ्यांवर चोच मारतो, म्हणून मेंढपाळांनी त्याला सोडले नाही. कॉर्नवॉलच्या समुद्रकड्यांनी त्याला वाचवले. माणूस पोचणार नाही अशा कपारीत तो फेब्रुवारीतच, म्हणजे बाकीच्या पक्ष्यांच्या खूप आधी, अंडी घालतो. विसाव्या शतकात बंदूक थोडी शांत झाल्यावर तो पुन्हा आत पसरला.

त्याच कड्यांनी चफला मात्र वाचवले नाही. यामागचे कारण समजून घेणे महत्त्वाचे, कारण सगळ्या सातांत ज्याला सर्वाधिक मान, तोच एकटा नाहीसा झाला. चफ एके काळी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर दूरवर होता. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये डोव्हरच्या कड्यावर तो उडतो. एकोणिसाव्या शतकात तो एकेका काउंटीतून मिटत गेला आणि इंग्लंडपुरता शेवटी फक्त कॉर्नवॉलमध्ये उरला. तिथे पेन्झान्सचे वकील एडवर्ड हर्ल रॉड यांनी आयुष्यभर पक्ष्यांच्या नोंदी केल्या. त्यांचे ‘बर्ड्स ऑफ कॉर्नवॉल’ त्यांच्या मृत्यूनंतर १८८० मध्ये निघाले, तोवर चफ दुर्मीळ झालेला होता. आणि दुर्मीळ झाला म्हणून किंमत वाढली. अंडी जमवणारे शौकीन दोर बांधून कड्यावर उतरत, पेंढा भरलेला चफ दिवाणखान्यात काचेखाली ठेवला जाई. सशांसाठी कड्यांवर मांडलेल्या दातेरी लोखंडी चापांतही चफचे पाय अडकत. हे चाप इंग्लंडमध्ये बंद झाले ते १९५८ मध्ये. जॅकडॉनी चफच्या घरट्यांच्या जागा बळकावल्या असाही ठपका काहींनी ठेवला.

हे सगळे खरे असले तरी मूळ दुखणे पायाखालच्या गवतात होते. चफला खायला आखूड, दाताने कातरलेले गवत लागते. त्याची चोच वाकडी आणि बारीक, माती फार खोल उकरत नाही. उंच, दाट गवतात ती उपयोगाची नाही. शतकानुशतके कड्यांच्या उतारांवर गुरे, मेंढ्या आणि खाणींवर राबणारी तट्टे चरत होती, म्हणून तिथे असे गवत होते. खाणी बंद पडल्या, तट्टे गेली. विसाव्या शतकात शेतीची पद्धत बदलली, गुरे कड्यावरच्या अवघड उतारांवरून आतल्या सपाट, खत घातलेल्या कुरणांत आली. कड्यांवर गॉर्सची काटेरी झुडपे, नेचे आणि उंच गवत माजले. चफच्या घरट्याच्या गुहा तशाच राहिल्या, फक्त तिथून उडून उतरायला जागा राहिली नाही.

१९३१ मध्ये कॉर्नवॉलच्या पक्षिनिरीक्षकांनी आपली संस्था स्थापली, तेव्हापासूनच चफची काळजी तिच्यापुढे होती. १९३९ मध्ये काउंटी कौन्सिलला राजचिन्ह मिळाले. एका बाजूला कोळी, दुसऱ्या बाजूला खाणकामगार आणि शिरोभागी चफ. त्या वर्षी काउंटीत खऱ्या चफच्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या होत्या. यशस्वी वीण झाली ती शेवटची १९४७ मध्ये. पुढची वीस वर्षे उत्तर किनाऱ्यावर एक जोडी होती. १९६७ मध्ये तिच्यातला एक पक्षी मेला. दुसरा त्याच कड्यांवर एकटा सहा वर्षे राहिला आणि १९७३ मध्ये तोही गेला. आर्थरच्या पक्ष्याला मारणे पाप, ही समजूत तोवर सगळ्यांना पाठ होती. समजुतीने पक्षी वाचतो असे म्हणायला कॉर्नवॉलमध्ये तरी पुरावा नाही.

चफ परत यावा म्हणून दोन वाटांनी काम झाले. हेल गावच्या पॅराडाइज पार्क या पक्षिसंग्रहालयाने १९८७ पासून पिंजऱ्यात चफची पैदास हाती घेतली. दुसरीकडे नॅशनल ट्रस्टने आणि पक्षिसंरक्षण संस्थांनी लिझर्ड द्वीपकल्पावर आणि पश्चिमेच्या कड्यांवर पुन्हा गुरे आणि तट्टे चरायला सोडायचा प्रयत्न सुरू केला. कड्यावर जनावरे चारणाऱ्या शेतकऱ्याला सरकारी अनुदान मिळू लागले. पिंजऱ्यातले पक्षी कॉर्नवॉलमध्ये सोडायची वेळच आली नाही. २००१ मध्ये लिझर्डवर तीन जंगली चफ आपणहून उतरले. पुढे त्यांच्या डीएनएवरून ते आयर्लंडहून आले असे ठरले. २००२ मध्ये त्यांतल्या जोडीने तीन पिल्ले वाढवली. इंग्लंडमध्ये अर्ध्या शतकाहून जास्त काळाने झालेली ही पहिली वीण होती. अंडी चोरणारे अजून होते, म्हणून स्वयंसेवकांनी घरट्यावर दिवसरात्र पहारा ठेवला. एकेकाळी मुंडक्यामागे पैसे देणाऱ्या गावांत लोक आता फुकट जागत होते. पुढच्या वीस वर्षांत पक्षी पश्चिम आणि उत्तर किनाऱ्यावर पसरले, काही जोड्यांनी पडक्या खाणींच्या विहिरींत घरटी केली आणि २०२३ च्या हंगामात शंभराहून जास्त पिल्ले उडाली. पॅराडाइज पार्कच्या पक्ष्यांचाही उपयोग झाला, तो केंटमध्ये. तिथे दोनशे वर्षांपूर्वी संपलेला चफ २०२२ पासून डोव्हरजवळ पुन्हा सोडला जातो आहे. कँटरबरीचे मध्ययुगीन आर्चबिशप थॉमस बेकेट यांच्या चिन्हावर तीन चफ आहेत, त्यामुळे तिकडेही हा पक्षी अभिमानाचा आहे.

पक्ष्यांकडे पाहण्याची रीत बदलली ती कॉर्नवॉलच्याच आणखी एका कामात दिसते. एक्सेटर विद्यापीठाच्या पेन्रिन येथील शाखेतले अ‍ॅलेक्स थॉर्नटन आणि त्यांचे सहकारी आसपासच्या जॅकडॉंना पायांत रंगीत कडी घालून वर्षानुवर्षे त्यांचा अभ्यास करत आहेत. एखादा अनोळखी माणूस धोक्याचा आहे हे जॅकडॉ इतरांचा धोक्याचा आवाज ऐकून शिकतो, हे त्यांनी २०१९ मध्ये दाखवले. पहाटे रातथाऱ्यावरून शेकडो पक्षी काही सेकंदांत एकदम कसे उठतात, याचे उत्तर २०२२ मध्ये मिळाले. एकेक जण ओरडू लागतो, कलकलाट एका पातळीला पोचला की सगळे निघतात. ध्वनिमुद्रित कलकलाट ऐकवला तर ते वेळेआधीच निघतात. सोळाव्या शतकातल्या वॉर्डनला ज्याच्या तीन मुंडक्यांना एक पेनी द्यावी लागत होती, तो पक्षी एकमेकांचे मत ऐकून निर्णय घेतो.

कायद्याच्या नजरेत मात्र सातांची फारकत झालेली आहे. १९५४ च्या आणि नंतर १९८१ च्या कायद्याने वन्य पक्षी आणि त्यांची अंडी यांना संरक्षण दिले आणि चफला त्यात विशेष दर्जा मिळाला. त्याच्या घरट्याला विणीच्या काळात त्रास देणे हाही गुन्हा आहे. रेव्हनलाही तसे उघडपणे मारता येत नाही. कॅरियन क्रो, मॅगपाय, जॅकडॉ, रूक आणि जे यांना पिकांचे किंवा इतर वन्य पक्ष्यांचे नुकसान टाळण्यासाठी सर्वसाधारण परवान्याखाली ठार मारता येते. २०१९ मध्ये या परवान्यांना कायदेशीर आव्हान दिले गेले, ते काही काळ मागे घेतले गेले आणि नव्या अटींसह पुन्हा आले. १५६६ चा दर गेला, यादीचा काही भाग राहिला.

चफच्या परतीचे श्रेय बहुधा आर्थरच्या दंतकथेला आणि राजचिन्हाला दिले जाते, कारण गोष्ट तशी सांगायला बरी वाटते. पण दंतकथा १९७३ मध्येही होती आणि राजचिन्हही होते. कॉर्नवॉलच्या कड्यावर चफ आहे तो गुरांच्या दातांमुळे, आणि गुरे आहेत ती अनुदानामुळे. ते बंद पडले तर गवत पुन्हा दोन-चार वर्षांत वाढेल.